पोर्तुगीज पासपोर्ट आणि गोव्यातली जमीन : कोणते काम आधी, कोणते मागाहून

पोर्तुगीज नागरिकत्व घेण्याच्या विचारात असलेल्या गोमंतकीय कुटुंबाने लिस्बनला जन्माची नोंद करण्याची धावपळ सुरू करण्याआधी घरातल्या जमिनीचे कागद बाहेर काढावेत, असा या लेखाचा आग्रह आहे. बहुतेक घरांत क्रम नेमका उलटा असतो. एजंट गाठला जातो, जुने दाखले गोळा होतात, यथावकाश पासपोर्ट हातात पडतो, आणि पुढे कधीतरी वडिलार्जित भाटाची (माड-पोफळीच्या बागायतीची) वाटणी करायची वेळ आली की सब-रजिस्ट्रारच्या टेबलावर लक्षात येते की एक भाऊ आता कायद्याने परदेशी नागरिक आहे आणि त्याचे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देते ते नोंदणीपत्र, अजून आलेले नाही. व्यवहार कायमचा बुडतो असे नव्हे, पण जे काम सगळे भारतीय नागरिक असताना सरळ झाले असते त्याला आता मुखत्यारपत्रे, दूतावासाचे शिक्के आणि परकीय चलनाचे नियम यांची जोड द्यावी लागते.

हा प्रश्न गोव्यातच इतक्या प्रमाणात का उद्भवतो, हे थोडक्यात सांगायला हवे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव (नागरिकत्व) आदेशाने, जे स्वतः किंवा ज्यांचे आईवडील वा आजी-आजोबांपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले होते, ते सर्व भारतीय नागरिक ठरले. ज्यांना हे नको होते त्यांना एका महिन्यात तसे लेखी कळवण्याची मुभा होती. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार ३१ डिसेंबर १९७४ रोजी केला, पण मुक्तीपूर्वी येथे जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरचा हक्क त्या देशाने कायम ठेवला. १९८१ च्या तिथल्या नागरिकत्व कायद्याच्या आधारे त्यांची मुले व नातवंडेही आज तो मागतात. भारताच्या बाजूने मात्र दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी कोणी आदेश काढावा लागत नाही.

तीन वेगवेगळे प्रश्न

पुढचा गोंधळ टाळायचा असेल तर तीन गोष्टी सुरुवातीलाच वेगळ्या कराव्यात. तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक आहात, हा पहिला प्रश्न. फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही भारतात निवासी आहात की अनिवासी, हा दुसरा. आयकरासाठी तुम्ही निवासी आहात की नाही, हा तिसरा. कुवेतला नोकरी करणारा म्हापशाचा मनुष्य भारतीय नागरिक असूनही अनिवासी असतो, तर पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन फोंड्यातच राहणारा त्याचा चुलतभाऊ परदेशी नागरिक असूनही फेमाखाली निवासी ठरू शकतो. फेमात मागील आर्थिक वर्षातले १८२ दिवसांहून अधिक वास्तव्य आणि येथे येण्याचा वा येथून जाण्याचा हेतू, अशा दोन्ही बाजू पाहिल्या जातात. आयकराचे गणित दिवसांवर चालते, पण त्याचे नियम स्वतंत्र आहेत. "एनआरआय झालो म्हणून जमीन गेली" किंवा "ओसीआय मिळाले म्हणजे सगळे पूर्ववत झाले", ही दोन्ही विधाने चावडीवर सर्रास ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत.

आधी जमीन

प्रत्येक सर्व्हे क्रमांकाचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) आणि सर्व्हे नकाशा काढावा. शहरी भागात असाल तर उताऱ्याऐवजी फॉर्म डी. उताऱ्यावर कब्जेदार म्हणून कोणाचे नाव आहे हे वाचून थांबू नये. कूळ आणि इतर हक्क यांचे रकाने पाहावेत, कारण मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, घर किंवा कुळाचा हक्क तिथे दिसतो आणि १९६४ चा कूळ कायदा व १९७५ चा मुंडकार कायदा यांचे संरक्षण मालकाच्या पासपोर्टाने बदलत नाही. त्यानंतर जमिनीचा प्रकार पाहावा. भात असे लिहिलेले आहे, बागायत लिहिलेली आहे, की घरवाडा, यावर पुढचा सारा हिशेब अवलंबून आहे.

समजा, डिचोली तालुक्यातल्या एका घराचा उतारा समोर आहे. कब्जेदाराच्या रकान्यात पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे नाव आहे, त्यांच्या चार मुलांपैकी दोघे हयात नाहीत, घर ज्या तुकड्यावर उभे आहे तो उताऱ्यावर अजून बागायत आहे कारण सनद (जमीन बिगरशेती वापरात बदलल्याचा सरकारी परवाना) कधी काढलीच नाही, आणि शेजारचा भाताचा मळा त्याच खात्यात आहे. अशा घरातला नातू उद्या पोर्तुगीज नागरिक झाला तर त्याचा वारसाहक्क बुडत नाही, हे खरे. पण वारसा सिद्ध करण्याची प्रक्रिया, जी आज सर्वांच्या उपस्थितीत होऊ शकते, ती उद्या इंग्लंडमधले स्विंडन, लिस्बन आणि डिचोली अशी विखुरली जाते. म्हणून वारस ठरवण्याचे काम आधी करावे. सर्वांचे एकमत असेल तर सब-रजिस्ट्रारकडे, विशेष नोटरी या नात्याने, वारसापत्राचा दस्त होतो. वाटणीवर मतभेद असतील तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीची कार्यवाही, चालवावी लागते. दोन्हींची तरतूद गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२ मध्ये आहे. त्यानंतर मामलेदारांकडे म्युटेशन करून उताऱ्यावर नावे चढवून घ्यावीत. हे शेवटचे काम लोक हमखास अर्धवट सोडतात, कारण दस्त झाला की सुटलो असे वाटते.

गोव्यातल्या विवाहितांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथील नागरी कायद्यानुसार लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणजे खरेदीखतावर एकाचेच नाव असले तरी दुसऱ्याचा अर्धा भाग त्यात असतो आणि विक्रीला दोघांच्या सह्या लागतात. पती पोर्तुगीज व पत्नी भारतीय अशी स्थिती असताना पत्नीच्या नावे शेतजमीन घेऊ, असा सल्ला काही मध्यस्थ देतात. घेतलेली जमीन सामाईक मालमत्तेत जाते हे लक्षात घेता, वकिलाच्या लेखी मताशिवाय या वाटेला न जाणे शहाणपणाचे.

कोमुनिदादची (गावसंस्थेच्या मालकीची) जागा, अल्वारा (सरकारने अटींवर दिलेल्या) किंवा सत्तरीतील मोकाशाच्या (जुन्या इनामदारीच्या) जमिनी, आणि उताऱ्यावर दुसऱ्या वर्गाचे कब्जेदार अशी नोंद असलेली जमीन यांचे नियम निराळे आहेत. त्यांच्या हस्तांतरणावर बंधने असतात, तेव्हा त्या मालकीच्या जमिनीत मिसळून हिशेब करू नये.

नावांचा तिढा

लिस्बनची नोंद अडते ती बहुधा नावापाशी. मुक्तीपूर्व जन्मनोंदी पोर्तुगीज वळणाच्या रोमन लिपीत आहेत. त्यांत 'श'साठी एक्स येतो, शेवटच्या 'क'साठी क्यू-यू-ई येते, प्रभूंचे पोरोबो होतात, कामतींचे कामोतीं आणि शेणव्यांचे सिनाय. शाळेच्या दाखल्यात, भारतीय पासपोर्टात आणि आधारवर हीच नावे इंग्रजी वळणाने आलेली असतात. त्यात पुष्कळ हिंदू घरांत वडिलांचे नाव मधले म्हणून लावले जाते, तर जुन्या नोंदीत आडनावाच्या जागी गावाचे वा पदवीचे नाव असते.

यावर उपाय असा की आजोबांपासून स्वतःपर्यंत प्रत्येकाचे नाव ज्या ज्या कागदावर ज्या रूपात आले आहे, त्याची एका वहीत उभी-आडवी नोंद करावी. सिव्हिल रजिस्ट्रारकडून जन्माचा तेओर, म्हणजे मूळ नोंदीची पूर्ण नक्कल, मागावा. संक्षिप्त दाखल्यावर विसंबू नये. जुनी नोंद तिथे सापडत नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोध घेता येतो. किरकोळ फरक प्रतिज्ञापत्राने किंवा नोंदीतील दुरुस्तीने सुटतो; नाव वा आडनावच बदलायचे असेल तर १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली अर्ज करावा लागतो. आणि हीच वही जमिनीच्या कामालाही उपयोगी पडते, कारण जुन्या मात्रीज (पोर्तुगीजकालीन करनोंद) व भूनोंदणीच्या कागदांतही नावांची तीच रूपे आहेत. नागरिकत्वासाठी एक स्पेलिंग आणि जमिनीसाठी दुसरे, अशी दुरुस्ती मात्र चुकूनही करू नये. ओसीआयच्या वेळी आणि वारसाच्या वेळी तोच माणूस असल्याचे पुन्हा सिद्ध करत बसावे लागते.

लिस्बनची नोंद

नोंद पिढीच्या क्रमाने होते. मुक्तीपूर्वी जन्मलेल्या व्यक्तीचा जन्म आधी, तिचा विवाह त्यानंतर, मग मुलाचा जन्म. मधली कडी गाळता येत नाही. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी इराद्याची व नंतर पक्की अशी दोन टप्प्यांची विवाहनोंदणी असल्यामुळे बहुतेकांचा विवाहदाखला असतो, पण ज्यांचे लग्न सावंतवाडीला किंवा बेळगावला लागले आणि नोंद कुठेच झाली नाही, त्यांचे घोडे इथेच पेंड खाते. दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील (परदेशात कागद ग्राह्य ठरवणारा शिक्का) लागणार का आणि पोर्तुगीज भाषांतर कोणाकडून करून घ्यायचे, हे पणजीतील पोर्तुगीज वाणिज्य दूतावासाकडून थेट विचारून घ्यावे. मूळ कागद एजंटाच्या हवाली करू नयेत, आणि "तुमच्या आजोबांची नोंद आमच्याकडे तयार आहे" असे सांगणाऱ्याच्या तर दारातही उभे राहू नये, कारण खोट्या नोंदीवर उभारलेले नागरिकत्व पुढे पोरांच्या अंगाशी येते.

येथे एक वादाचा मुद्दा आहे. केवळ लिस्बनला जन्म नोंदवला, पासपोर्ट काढला नाही, तर भारतीय नागरिकत्व जाते काय, यावरून गोव्यात राजकीय आणि कायदेशीर वाद झडले आहेत. परदेशी पासपोर्ट घेणे हा नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्याअलीकडच्या स्थितीचा निवाडा करण्याचा अधिकार नवव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार केंद्राने नेमलेल्या प्राधिकरणाचा आहे. तेव्हा "नोंद करून ठेवू, पुढचे पुढे पाहू" हा मार्ग निर्धोक आहे असे समजू नये. सरकारी नोकरीत असलेल्यांनी किंवा पंचायतीची निवडणूक लढवू इच्छिणाऱ्यांनी तर मुळीच समजू नये.

जाण्याचा हेतूही तपासून पाहावा. पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडला जाऊन स्थायिक होण्याची वाट ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद झाली. त्याआधी तिथे राहत असलेल्यांना अर्जासाठी ३० जून २०२१ ही मुदत होती. आज या पासपोर्टावर युरोपीय संघातील देश खुले आहेत, ब्रिटन नाही. तरीही लंडनमधल्या साउथहॉलच्या आशेने अर्ज करणारे भेटतात.

भारतीय पासपोर्ट, ओसीआय आणि मधला काळ

पोर्तुगीज पासपोर्ट हाती आल्यावर भारतीय पासपोर्ट वापरणे हा गुन्हा आहे. तो पासपोर्ट कार्यालयात जमा करून त्याचा दाखला घ्यावा लागतो आणि त्या दाखल्याशिवाय ओसीआयचा अर्ज पुढे सरकत नाही. मध्यंतरी गोव्यात अनेकांना समर्पणाच्या दाखल्याऐवजी पासपोर्ट रद्द केल्याचा दाखला मिळू लागला आणि त्यामुळे त्यांचे ओसीआय अडले. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पूर्वाश्रमीच्या पोर्तुगीज प्रदेशांतील लोकांसाठी रद्द केल्याचा दाखलाही ग्राह्य धरण्याचे ठरवल्याचे कळवले. तुमच्या हातात कोणता दाखला पडला आहे ते नीट पाहूनच अर्ज भरावा. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारताचा भाग झालेल्या प्रदेशातील लोक ओसीआयला पात्र असल्याने गोमंतकीयांची पात्रता मुळात निर्विवाद आहे. अडचण असते ती कागदांची.

पासपोर्ट जमा केल्यापासून ओसीआय हाती येईपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. या काळात तुम्ही भारतीय नागरिक नसता आणि ओसीआयधारकही नसता. आधीपासून तुमच्या नावावर असलेली मालमत्ता तुमचीच राहते, पण नवीन खरेदी, बक्षीसपत्र वा साठेखत यांत पडू नये. याच काळात मतदार यादीतून नाव कमी करण्याचा अर्ज द्यावा, कारण परदेशी नागरिकाचे नाव यादीत राहणे कायद्याला धरून नाही. परदेशी वास्तव्य सुरू झाले असेल तर बँकेतले साधे बचत खाते एनआरओ (अनिवासींचे रुपयांतले खाते) करून घ्यावे. अल्पवयीन मुलांचा निर्णय वेगळा व विचारपूर्वक करावा: पालकाने नागरिकत्व कायद्याच्या आठव्या कलमाखाली नागरिकत्व सोडल्याचे घोषणापत्र दिले तर अल्पवयीन मुलांचेही भारतीय नागरिकत्व जाते, आणि सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत ते परत घेण्याची मुभा त्यांना असते.

ओसीआयनंतर जमिनीचे काय

परकीय चलन व्यवस्थापन (नॉन-डेट इन्स्ट्रुमेंट्स) नियम, २०१९ नुसार ओसीआयधारक घर, फ्लॅट, दुकान, सेटलमेंट (वस्तीसाठी राखलेला) भूखंड घेऊ शकतो. शेतजमीन, फार्महाउस आणि लागवडीची मालमत्ता विकत घेऊ शकत नाही. नातेवाइकाकडून बक्षीस म्हणूनही शेतजमीन स्वीकारता येत नाही. वारसाने मात्र येऊ शकते. हा फरक गोव्यात फार महत्त्वाचा आहे, कारण वडील हयातीतच "मळा तुझ्या नावावर करतो" म्हणतात आणि मुलाकडे तोवर पोर्तुगीज पासपोर्ट आलेला असतो. बक्षीसपत्र चालत नाही. मृत्युपत्र वा वारसा चालतो, आणि तेथेही वडिलांना आपल्या हिश्शाचा अर्धाच भाग मर्जीप्रमाणे देता येतो, उरलेला अर्धा सक्तीच्या वारसांचा (मुलांसारख्या, ज्यांना कायद्याने डावलता येत नाही अशांचा) असतो.

विकायची वेळ आली तर शेतजमीन केवळ भारतात निवासी असलेल्यालाच विकता येते. त्यावर गोव्याचा स्वतःचा, २०२३ चा शेतजमीन हस्तांतरण निर्बंध कायदा आहे, जो भाताची जमीन बिगरशेतकऱ्याला देण्यास मनाई करतो. म्हणजे पोर्तुगीज नागरिक झालेल्या मालकापुढे भाताच्या मळ्यासाठी गिऱ्हाइकांचे वर्तुळ फार लहान उरते. माड-पोफळीच्या भाटाबाबत लोक गाफील राहतात. ते शेत नव्हे असे आपण बोलताना म्हणतो, पण उताऱ्यावर बागायत असेल आणि सनद नसेल तर नव्या खरेदीसाठी ती जागा शेतजमीनच धरून चालावे. घराखालच्या जागेची सनद नागरिकत्वाआधी काढण्याचा आग्रह याचसाठी आहे.

खरेदीचे पैसे बँकेच्या मार्गानेच यायला हवेत. रोख परकीय चलन चालत नाही. ओसीआयधारक फेमाखाली अनिवासी असेल तर विक्रीची रक्कम एनआरओ खात्यात जमा होऊन एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. विक्रेता आयकरासाठी अनिवासी असल्यास खरेदीदार कापतो तो कर निवासी विक्रेत्याच्या एक टक्क्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच घ्यावा, नाहीतर मोठी रक्कम परताव्यात अडकते.

मुखत्यारपत्राबद्दल कडकपणे सांगायला हवे. गोव्यात जमीन बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि परदेशी असलेल्यांची वा वारसच पुढे न आलेली मालमत्ता हे अशा टोळ्यांचे सोपे भक्ष्य होते. मुखत्यारपत्र द्यायचेच तर एका कामापुरते, सर्व्हे क्रमांक लिहून, विक्रीचा अधिकार स्पष्टपणे वगळून द्यावे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते. देणारा वारला की ते संपते, हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. वर्षातून एकदा तरी उतारा नव्याने काढून त्यावर अनोळखी नाव चढलेले नाही ना हे पाहावे, घरपट्टी स्वतःच्या नावाने भरत राहावी आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

भारतीय मूळ नसलेले जोडीदार आणि पाहुणे

पोर्तुगीज वा अन्य परदेशी सून-जावई गोव्यात येत असतील तर त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत. ओसीआयधारकाच्या परदेशी जोडीदाराला, लग्न नोंदणीकृत असून किमान दोन वर्षे सलग टिकलेले असल्यास, जोडीदारासोबत संयुक्तपणे एक स्थावर मालमत्ता घेता येते. तीही शेतजमीन असू शकत नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तो करू शकतो. किनारपट्टीवर कंपनी काढून तिच्या नावे जागा घेण्याचे प्रकार झाले आणि अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीतही अडकले. स्थानिक माणसाने अशा व्यवहारात नावापुरता मालक होण्याचे टाळावे.

पोर्तुगालमध्ये घर

तिकडे जमीन वा घर घेण्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. परदेशी माणूसही घेऊ शकतो. आधी निफ हा करक्रमांक लागतो. भूनोंदणी कार्यालयाचा उतारा मालकी आणि बोजे दाखवतो, तर काद्रनेता हा करनोंदीचा कागद क्षेत्र व करमूल्य दाखवतो. दोन्ही जुळतात का हे पाहावे. साठेखतानंतर घेणाऱ्याने माघार घेतली तर इसारा जातो, देणाऱ्याने घेतली तर दुप्पट परत द्यावा लागतो. ग्रामीण भागातील लहान तुकड्यावर शेजारच्या मालकाचा अग्रक्रयाधिकार, म्हणजे आधी विकत घेण्याचा हक्क, असू शकतो. घर घेतल्याने निवासाचा परवाना देणारी 'गोल्डन व्हिसा'ची वाट २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे त्या नावाने घर विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. घरातला जो माणूस अजून भारतात निवासी आहे, तो रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम घर घेण्यासाठी पाठवू शकतो.

परत यायचे झाल्यास

ओसीआय नोंदणीला पाच वर्षे झाल्यावर आणि अर्जापूर्वीचे बारा महिने भारतात राहून नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमाखाली भारतीय नागरिकत्व पुन्हा मागता येते. त्या वेळी पोर्तुगीज नागरिकत्व सोडावे लागते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो आणि त्यासोबत वास्तव्याचे पुरावे द्यावे लागतात, तेव्हा गोव्यात काढलेल्या दिवसांची तिकिटे, वीजबिले व घरपट्टीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून फाईलला लावाव्यात. नागरिकत्व परत मिळेपर्यंत शेतजमिनीची नवी खरेदी करू नये. वारसाने आलेली जमीन या सर्व काळात तुमच्याच नावावर राहते.